मदत हवी आहे: सासूबाईंच्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टचा अर्थ कसा लावावा?

जुळे_सोलापूर: आमच्या सासूबाईंचा रक्ताचा रिपोर्ट काल सायंकाळी हाती आला असून त्यात एकूण कोलेस्टेरॉल २४८, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ४६, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) १९०, व्हीएलडीएल ३८ आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६४ असे आकडे आहेत. गेल्या वर्षी एलडीएल ९२ होते. घरातले जेवणखाण बदललेले नाही, तरी एवढी वाढ कशी झाली? आमचे डॉक्टर सोमवारपर्यंत परगावी आहेत. तोवर थांबणे धोक्याचे आहे का, हे कृपया लवकर सांगावे. रात्रभर झोप लागलेली नाही.

पूर्व_भाग: शेंगाचटणी बंद केल्याशिवाय कोलेस्टेरॉल उतरणार नाही. माझ्या वडिलांनी ती सोडली, रोज लसूण-आल्याचा काढा घेतला आणि त्यांना गुण आला.

करडई: शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतेच, ते फक्त प्राणिज पदार्थांत असते. शिवाय जेवण बदललेले नाही असे ताईंनी लिहिले आहे, त्यामुळे चटणीवर ठपका ठेवणे योग्य नाही. ताई, सासूबाईंचे वय किती? मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आहे का? गोळ्या कोणत्या चालू आहेत?

निवृत्त_शिक्षक: ही तपासणी उपाशीपोटी केली होती का? एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे व्हीएलडीएल, वजा करून एलडीएल काढतात. २४८ मधून ४६ आणि ३८ वजा केल्यास १६४ उरतात, म्हणजे तुमच्या लॅबनेही तेच केलेले दिसते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले तर मात्र या रीतीवर विसंबता येत नाही.

जुळे_सोलापूर: काका, तपासणी उपाशीपोटीच केली होती. वय ७४, मधुमेह नाही, हृदयविकार नाही, रक्तदाबाची गोळी चालू आहे. रोसुव्हास्टॅटिन १० ही कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गोळी सहा वर्षे चालू होती. सिद्धेश्वराच्या यात्रेनंतर पाय फार दुखू लागले म्हणून त्यांनी ती जानेवारीअखेर स्वतःहून बंद केली.

करडई: मग वाढीचे मोठे कारण हेच आहे. गोळी थांबवली की काही आठवड्यांतच एलडीएल पूर्वीच्या पातळीकडे परत जाते.

पूर्व_भाग: या वयात गोळ्या हव्यातच कशाला? त्यांनी बंद केली ते बरेच केले.

करडई: मला हे मुळीच पटत नाही. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्यांनी ही गोळी मनाने सोडणे घातक ठरू शकते. असा त्रास कधीच झाला नसेल, तर पंचाहत्तरीनंतर नव्याने गोळी सुरू करावी का, यावर पुरावा तुलनेने कमी आहे. परंतु तो निर्णयही व्यक्ती पाहून डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

सुनबाई_७१: ताई, थायरॉईडची तपासणी केली आहे का? माझ्या आईचेही पाय असेच दुखत होते आणि सर्वांनी दोष स्टॅटिनलाच दिला होता. थायरॉईड कमी पडले की एलडीएल वाढते, स्नायू दुखतात, आणि त्यातच स्टॅटिन चालू असेल तर स्नायूंचा त्रास होण्याची शक्यताही वाढते.

जुळे_सोलापूर: थायरॉईडची गोळी बारा वर्षे चालू असल्याने ते वेगळे लिहावे असे वाटले नाही. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) मात्र दीड वर्षापूर्वी केले होते. आत्ताच त्यांना विचारले, तर दिवाळीनंतर सुरू झालेली कॅल्शियमची गोळी त्या थायरॉईडच्या गोळीसोबतच, सकाळच्या चहाबरोबर घेतात.

सुनबाई_७१: कॅल्शियममुळे थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही, दोन्हींमध्ये निदान चार तासांचे अंतर लागते, आणि थायरॉईडची गोळी चहाआधी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. उद्याच टीएसएच करून घ्या आणि पायदुखीसाठी सीपीके (स्नायूंना इजा आहे का ते पाहणारी रक्ततपासणी) करावे का, हे डॉक्टरांना विचारा. छातीत दडपण आले, दम लागला किंवा लघवी काळपट झाली, तर सोमवारची वाट पाहू नका.

जुळे_सोलापूर: यांपैकी काहीही नाही. उद्या सकाळी रक्त द्यायला घेऊन जाते, आणि सोमवारी दोन्ही रिपोर्टांसोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटेच डॉक्टरांपुढे ठेवते.