रिटायर झालोय, सोलापुरात भाड्याने राहायचंय: पायी सगळं जवळ असेल असा सेफ एरिया कुठला?

बाळीवेसकर६१
नमस्कार मंडळी. मी मूळचा सोलापूरचा, बाळीवेशीत वाढलो, पण ३२ वर्षं भोसरीला नोकरीत गेली आणि आता मार्चमध्ये रिटायर झालो. पुण्यात भाडं परवडत नाही हे उघड आहे, पेन्शन पीएफची ३२०० येते आणि पोस्टात सीनियर सिटीझन स्कीममध्ये १५ लाख टाकलेत त्याचे ८.२ टक्क्यांनी तीन महिन्याला ३०७५० येतात, म्हणजे महिन्याला सगळे मिळून साडेतेरा हजारच्या आसपास. यात भाडं साडेपाच सहाच्या वर नको. सौ.चे गुडघे दुखतात, मी गाडी चालवायची सोडली आहे (मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय), त्यामुळे किराणा, भाजी, दवाखाना, मंदिर हे सगळं पायी व्हायला हवं. आणि सौ. दुपारी एकटी घरी असली तरी मला काळजी वाटायला नको. मुलगी हैदराबादला असते, तिला यायला जायला ट्रेन सोयीची पडते म्हणून सोलापूरच धरलंय. माझ्या डोक्यातलं सोलापूर ३० वर्षांपूर्वीचं आहे, आता कुठं बघू ते सांगा प्लीज.

जुळेवाला
काका आम्ही जुळे सोलापूर या नव्या वस्तीत ९ वर्षं राहायलोय. रस्ते रुंद आहेत, कॉलन्या शांत, पेन्शनर लोक लई, सकाळी फिरायला चांगलं. भाडं पण गावाच्या मानानं ठीक. पण खरं सांगतो, गाडी नसंल तर अवघड आहे. आमच्या घरापासून किराणा जवळ आहे पण चांगली भाजी घ्यायची म्हटलं की आसरा चौकाकडं यावं लागतं, आणि तिथून पुढं सात रस्ता, स्टेशन म्हणजे सीटच्या रिक्षाची वाट बघत उभं राहायचं. सिटी बसच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. आई पप्पा गाडीवर बसतात तोवर बरं वाटलं, पप्पांची गाडी बंद झाली आणि दोघं घरात अडकल्यासारखे झाले, आता आईचा गावातल्या मैत्रिणींशी फक्त फोनवर संबंध उरलाय. मेन रोडला लागून घर मिळालं तर बघा, आत आत जाऊ नका.

सिस्टर_रिटायर्ड
भाऊ, मी सिव्हिल हॉस्पिटलला नोकरी केली, माणसं कुठं अडतात ते बघितलंय. एरियाच्या आधी घरात तीन गोष्टी बघा.

पहिलं पाणी. तुम्ही होता तेव्हापेक्षा परिस्थिती वेगळी आहे, उजनीचं पाणी रोज येत नाही, तीन-चार दिवसांआड, कधी पाच, आणि वेळ कुठली तर कधी रात्री दीडला सुद्धा. म्हणून घरमालकाला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा की पाणी किती दिवसांनी, किती वाजता आणि किती वेळ येतं. हौद आहे का, मोटर कोण लावतं, बोअर आहे का, उन्हाळ्यात बोअर आटतं का. हौद नसेल आणि घागरी भरून ठेवायच्या असतील तर वहिनींच्या गुडघ्यांनी ते होणार नाही.

दुसरं, सगळ्यात वरचा मजला घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. एप्रिल मे मध्ये पारा ४३-४४ ला जातो, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत भिंतीला हात लावला तर गरम लागतात, टाकीतलं पाणी तर अंघोळीला घेता येत नाही. साठीच्या पुढच्या माणसाला रात्री शरीर गार व्हायला मिळालं नाही की त्रास सुरू होतो. तळमजला किंवा वर एक मजला असलेला पहिला मजला, झोपायची खोली पश्चिमेला नको.

तिसरं संडास. पेठेतल्या जुन्या वाड्यात भाडं कमी असतं, माणसं जीव लावणारी असतात, पण जिना उभा, संडास खाली अंगणात आणि तो पण बैठा. घर दाखवतात तेव्हा संकोच न करता आधी तोच बघून या.

दवाखान्याचं म्हणाल तर रेल्वे लाईन्स, मोदी, सात रस्ता या पट्ट्यात राहिलात तर डॉक्टर, लॅब, मेडिकल पायी जवळ. सिव्हिल पण रिक्षानं लांब नाही. रेशनकार्ड नीट करून ठेवा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या कार्डवाल्यांना ५ लाखापर्यंत उपचार आहेत, पण ऐन वेळी कार्डात नाव चुकलेलं निघतं आणि नातेवाईक पळत बसतात.

बाळीवेसकर६१
सिस्टर, मनापासून आभार, सौ.ला वाचून दाखवलं, ती म्हणाली हे बाईलाच सुचतं. बाळीवेशीतच परत जावं असं मन ओढतं, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) वेळी नंदीध्वजाच्या काठ्या दारातून बघाव्या, मल्लिकार्जुनाला रोज जावं, पण आमच्या जुन्या वाड्याचा जिना आठवला आणि गप्प बसलो. आता सेफ्टीचं कुणी सांगेल का? पेपरात वाचून घाबरायला होतं.

कट्ट्यावरची
काका, अमुक पेठ वाईट तमुक चांगली असं कोण सांगत असेल तर ऐकू नका, एकाच पेठेत दोन गल्ल्यांत जमीन अस्मानाचा फरक असतो. माझ्या आईची साखळी गेली ती शहरातल्या चांगल्या म्हणतात त्या कॉलनीत गेली, सकाळी पावणेसहाला, रुंद रस्ता, दोन्हीकडे बंद गेटं आणि माणूस एक नाही. गाडीवरून दोघं आले, मानेला ओरखडा, आई आठ दिवस घराबाहेर पडली नाही. म्हणजे शांत एरिया म्हणजे सेफ एरिया असं नसतं हे मला तेव्हा कळलं. आता ती दाट वस्तीत राहते, खाली पिठाची गिरणी, समोर चहावाला, कट्ट्यावर चार म्हातारे, सगळे तिला ओळखतात, एक दिवस दिसली नाही तर वरती हाक मारतात.

घर बघायला दुपारी जाऊन काही कळत नाही, रात्री साडेनऊ दहाला जा. दिवे चालू आहेत का, बायका शतपावलीला निघतात का, कोपऱ्यावर बसलेली पोरं कसली आहेत, भटकी कुत्री किती आहेत. कुत्र्यांचं हसू नका, पडून खुबा मोडलेली दोन माणसं माझ्या माहितीत आहेत. आणि होम मैदानाच्या अगदी जवळ घर घेत असाल तर जानेवारीत गड्ड्यात रिक्षा दारापर्यंत येत नाही हे पण लक्षात ठेवा. अडचण आली तर ११२, काकूंच्या फोनमध्ये वरच सेव्ह करून ठेवा.

भाडेकरू_२०वर्षं
घर आवडलं की लगेच हो म्हणू नका, कागद बघा. लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करून घ्या, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ५५ कलम आहे, करार लेखी आणि नोंदणी केलेला असायला हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी फी शहरात १००० आणि स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, तुमच्या भाड्याला ती काहीच नाही. "आपल्यात कशाला कागद" म्हणणाऱ्या एका मालकाकडे माझं डिपॉझिट ४० हजार अडकलं ते आजपर्यंत पूर्ण आलं नाही, रंगाचे कापले, नळाचे कापले, सांगायला काही पुरावा नाही. सगळे ११ महिन्यांचा करतात पण तुम्ही ३३ महिन्यांचा मागा, दर वर्षी भाडं किती वाढणार ते आत्ताच लिहून घ्या, या वयात दर वर्षी सामान हलवणं होत नाही. लाईटचं मीटर स्वतंत्र आहे का बघा, सबमीटरला काही मालक मनाला येईल तो युनिटचा दर लावतात. पोलिसात भाडेकरूची माहिती पण द्यायला लावा, ऑनलाईन होतं.

जुळेवाला
सिस्टर आणि ताईंचं वाचून मीच आता आई पप्पांसाठी गावात बघायला लागलोय. काका तुम्हाला दोन घरं मिळाली तर एक आम्हाला सांगा.

बाळीवेसकर६१
नक्की सांगतो. मोदीत ओळखीच्यातून एक तळमजला कळलाय, ५८०० म्हणतात, हौद आहे, संडास आत आहे आणि वेस्टर्न आहे (फोनवर पहिलं तेच विचारलं). शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघतो, रात्री दहाच्या सुमारास पोचेन, स्टेशनवरून सामान घेऊन आधी त्या गल्लीतूनच चालत जातो. शनिवारी सौ.च्या चालीनं घरापासून भाजी आणि दवाखाना किती मिनिटं ते मोजणार आहे. पाण्याचं शेजारी विचारतो. मोदीत कुणी राहत असेल तर एक सांगा, तिकडे पाणी रात्री येतं का दिवसा?

सिस्टर_रिटायर्ड
माझी भाची मोदीत असते, तिच्या गल्लीत पहाटे चारला. पण लाईन वेगळी असली तर वेळ वेगळी, त्याच घराच्या भिंतीला भिंत असलेल्यांना विचारा.