पार्टोग्राफचं प्रशिक्षण पुरे, आधी दुसरी सिस्टर द्या

रानजाई:
अकरा वर्षं पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, स्टाफ नर्स आहे. गेल्या महिन्यात पार्टोग्राफच्या, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याच्या आलेखाच्या, प्रशिक्षणाला बोलावलं, माझं हे चौथं. तोच प्रोजेक्टर, तेच थंड पोहे. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके आणि कळा, चार तासांनी आतली तपासणी, गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडल्यापासून खुणा, रेघ ॲलर्ट लाईनच्या (तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडतं असं धरून आखलेली तिरकी रेघ) उजवीकडे सरकली की सावध. पाठ आहे हो! रात्री मी एकटी. एक पहिलटकरीण कळा देतेय, दुसरीची वार पडायचीय, बाहेर विंचू चावलेला पोरगा. आलेख भरते सकाळी आठला, चहा घेता घेता. खुणा अगदी सरळ रेषेत येतात, तपासणीला आलेले साहेब खूश. प्रशिक्षणाचा पैसा दुसऱ्या सिस्टरच्या पगारात घाला.

खडूस_डॉक्टर:
ताई, सकाळी आठला भरलेला आलेख म्हणजे खोटा केसपेपर, त्याचं कौतुक नको. हा कागद एकट्या पडलेल्या नर्ससाठीच निघाला. १९७२ साली फिलपॉट आणि कॅसल यांनी ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, दोन रेघा आखल्या: ॲलर्ट, आणि तिच्या उजवीकडे चार तासांवर ॲक्शन, म्हणजे आता हालचाल करायचीच. मधले चार तास बाईला मोठ्या दवाखान्यात पोचवायला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने आग्नेय आशियात ३५ हजारांवर बाळंतपणांत तो वापरून पाहिला. लांबलेली बाळंतपणं ६.४ टक्क्यांवरून ३.४ वर आली.

हिशोबी:
ते आकडे १९९४चे. त्याच संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की तासाला एक सेंटिमीटर हा नियम प्रत्येक बाईला लावू नका, आणि बाळंतपणाचा खरा जोर पाच सेंटिमीटरपासून धरा. २०२०च्या नव्या तक्त्यात ती तिरकी रेघच नाही. दुसरं, उत्तर प्रदेशात दीड लाखावर बाळंतपणांत चेकलिस्ट आणि शिकवायला माणसं देऊन पाहिलं, निकाल २०१७चा. नर्सेसच्या सवयी सुधारल्या, मृत्यू घटले नाहीत. प्रशिक्षणाची भक्ती आवरा.

रानजाई:
पाचपासून? आम्हाला गेल्या महिन्यातही चारच शिकवलं.

जुनी_एलएचव्ही:
दोघांचंही पटत नाही. एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर) म्हणून निवृत्त झाले, पण पोरींना शिकवलंय. एक नवी सिस्टर आलेख मोत्यासारखा काढायची. म्हटलं, पोटावर हात ठेव, घड्याळ बघ, दहा मिनिटांत किती कळा, प्रत्येक किती सेकंद. तिसऱ्या मिनिटाला तिने हात काढला. इतका वेळ कुणाच्या पोटावर हात ठेवलाच नव्हता! प्रोजेक्टरवर हात शिकत नाही. आणि हिशोबीदादा, चार आफ्रिकी देशांतला २०२३चा निकालही सांगा की. बाळंतिणीखाली मापाच्या खुणांची पिशवी लावायची, रक्त किती गेलं ते दिसतं, आणि लगेच सगळे उपचार एकदम. शिकवणं होतंच त्यात. गंभीर रक्तस्राव वगैरे साठ टक्क्यांनी कमी झाले.

हिशोबी:
मान्य. पण तिथे हातात वस्तू दिली, नुसतं व्याख्यान नाही.

जुनी_एलएचव्ही:
मग मी वेगळं काय म्हणतेय?

खडूस_डॉक्टर:
रानजाईताई, एक करा. वेळ नसेल त्या रात्री आलेख कोराच ठेवा. रिकाम्या चौकटी बघून तरी कुणी विचारेल की इथे माणूस का नव्हता.

रानजाई:
विचारतील ना डॉक्टरसाहेब. मलाच, मेमो देऊन.