कुत्र्याने खेळणी माडाच्या आळ्यात पुरली तर बिघडलं कुठे?

पोफळी, गुहागर
आमचा मोत्या गावठी. नवं खेळणं मिळालं की आधी मान झटकून झटकून त्याला आपटतो. आतली शिट्टी मेली की तेच तोंडात धरून कुईंकुईं करत आगरभर फिरतो आणि शेवटी माडाच्या आळ्यात पुरतो. नाकाने माती लोटून वर नीट दाबतो. कोणी बघितलं तर उकरून दुसऱ्या माडाकडे! सासूबाई म्हणतात, साखळीला बांध. मी म्हणते, पुरू दे. उरलेली शिकार पुरून ठेवायची ही जातीचीच खोड, ती त्याला कोणी शिकवलेली नाही.

आगरवाला
सासूबाईंना माझा पाठिंबा. माडाला सोटमूळ नसतं, तंतुमुळं असतात. लहान माडाचं आळं रोज उकरलं तर तो जोम कसा धरणार? आणि मुळांचं सोडा, आळ्यात एरंडीची पेंड घालता का? तिच्यात रायसिन असतं. कुत्र्यांना वास आवडतो, खातात आणि मरतात. खोड जातीची असली तरी विष ते विषच.

खळ्यातला
मग पेंड बदला, कुत्र्याला शिक्षा कशाला? साखळीला बांधलेला कुत्रा दिवसभर भुंकतो, ते चालेल?

मालवणी माणूस
कुत्र्याक इकतची खेळणी कित्याक व्हयी? नारळाच्या सोडणाचो तुकडो टाका, दिवसभर चावत बसतलो.

पोफळी, गुहागर
दिला होता. काथ्या उपसून सगळ्या पडवीभर केला.

दापोलीची ताई
सोडण नकोच. काथ्याचे धागे गिळले गेले तर आतड्यात अडकतात, मग ऑपरेशन. शिट्टीवाल्या खेळण्याचंही तेच. शिट्टी निघाली की ते खेळणं टाकून द्यायचं, पुरायलासुद्धा द्यायचं नाही. शिवाय तोंडातलं ओढून काढू नका, त्या वस्तूची राखण करायची सवय लागते. बदल्यात काहीतरी चांगलं द्या.

मालवणी माणूस
सुको बांगडो!

दापोलीची ताई
खारवलेला नको हो. उकडलेला द्या, काटे काढून.

आगरवाला
म्हणजे पुरायचं बक्षीस म्हणून बांगडा. छान.

पोफळी, गुहागर
पुरायचं नाही, सोडायचं बक्षीस! पेंडीचं मात्र पटलं, यंदा आळ्यात शेणखतच. साखळी तरीही नाही. खळ्याच्या कोपऱ्यात चिरे लावून वाळूचा चौकोन करणार आहे, निळा चेंडू मीच आधी अर्धा पुरून ठेवीन. लाल घेत नाही. कुत्र्यांना निळा-पिवळा कळतो, लाल रंग हिरवळीत उठून दिसत नाही.

आगरवाला
करा. वाळूत पहिला मान शेजारच्या मांजरांचा असतो, एवढं लक्षात ठेवा.