मदत हवी आहे: एनआयसीएसमध्ये (रिंग किती अरोमॅटिक, म्हणजे इलेक्ट्रॉन रिंगभर पसरून ती किती स्थिर, हे चुंबकीय परिणामावरून सांगणारा आकडा) चार अ‍ॅल्युमिनियम बेंझीनला मागं टाकायलेत, चुकतंय कुठं?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, एमएस्सी केमिस्ट्री शेवटचं वर्ष. प्रोजेक्टला चार अ‍ॅल्युमिनियमची चौकोनी रिंग घेतलीय, दोन मायनस चार्जवाली. सोमवारी सरांना आकडे दाखवायचेत आणि इथं गाडी चिखलात रुतलीय.

आधी सरावाला बेंझीन केलं, गॉसियन सॉफ्टवेअरमध्ये बी३एलवायपी पद्धतीनं. रिंगच्या मध्यावर घोस्ट अ‍ॅटम (नुसता मोजायचा बिंदू) ठेवला तर आयसोट्रॉपिक (तिन्ही दिशांची सरासरी) ८ च्या आसपास पॉझिटिव्ह आला, तिथंच घाबरलो, मग कळलं की आउटपुटमध्ये शील्डिंग (चुंबकीय क्षेत्र तिथं किती अडतं ते) असतं, एनआयसीएससाठी चिन्ह उलटं करायचं. बरं, तेवढं सुटलं. पण १ अँगस्ट्रॉम वर ठेवल्यावर झेडझेड (टेन्सरचा, म्हणजे दिशावार आकड्यांच्या तक्त्याचा, झेड दिशेचा घटक) जवळपास ० येतंय, पेपरात तर -२९ च्या घरात असतं! आणि अ‍ॅल्युमिनियमला मध्यावर -३० च्याही खाली जातंय, म्हणजे काय बेंझीनच्या जवळपास चौपट अरोमॅटिक म्हणून लिहू? वर एचओएमओची (इलेक्ट्रॉन असलेल्या सगळ्यात वरच्या ऑर्बिटलची) एनर्जी पॉझिटिव्ह दिसायलीय ती वेगळीच. परवा रन चालू असताना लाइट गेली, यूपीएसनं मान टाकली, सगळं पहिल्यापासून. कुणीतरी सांगा राव.

प्रतिसाद:
भावा, नोसिमेट्री (गॉसियननं रेणू स्वतःच्या पद्धतीनं फिरवू नये म्हणून द्यायचा शब्द) लावलंस का? तसं असेल तर तू काढलीस तशीच रिंग राहते, आडवी असेलच असं नाही. कोऑर्डिनेट उघडून बघ कुठला कॉलम सगळीकडं ० आहे, टेन्सरचा तोच घटक घ्यायचा. बेंझीनला १ अँगस्ट्रॉमवर आयसोट्रॉपिक -१० च्या आसपास असेल तर तिन्ही घटकांची बेरीज -३०, ती जवळपास सगळी प्लेनला लंब घटकातच असते.

चौपट वगैरे अजिबात लिहू नकोस, व्हायव्हात सोलून काढतील. मध्यावरच्या आकड्यात सिग्माचं (रिंगच्या प्लेनमधल्या इलेक्ट्रॉनचं) पण येतं, आणि तुझ्या रिंगमध्ये सिग्माच जोरात आहे. व्हॅलन्स इलेक्ट्रॉन मोज: १२ अधिक २, १४. चार जोड्या अणूंवर लोन पेअर म्हणून बसल्या, उरल्या तीन: एक पाय (π, प्लेनच्या वर-खाली असणारी), दोन सिग्मा, तिन्ही चारही अणूंवर पसरलेल्या. एडीएनडीपी (इलेक्ट्रॉनच्या जोड्या किती अणूंवर बसल्यात ते काढायची पद्धत) चालवलंस तर हेच चित्र डोळ्यांनी दिसेल, मला विचारशील तर प्रोजेक्टचा जीव तिथं आहे, एनआयसीएसच्या एका आकड्यात नाही.

दुसरा प्रतिसाद:
एचओएमओचं मी सांगतो. एकटा डायअनायन (दोन मायनसवाला आयन) गॅस फेजमध्ये टिकतच नाही, इलेक्ट्रॉन सुटायला बघतो. या रिंगवरच्या २००१ च्या पेपरात बोल्डिरेव्ह आणि वांग यांच्या ग्रुपनं बघितला तो सुद्धा लिथियम, सोडियम, कॉपर चिकटलेला, एकूण एकच मायनस. तू पण सोडियम घाल, तो चौकोनाच्या डोक्यावर बसतो. मग घोस्ट अ‍ॅटम सोडियमच्या विरुद्ध बाजूला ठेव, आणि एकाच उंचीवर थांबू नको, ० पासून ४-५ अँगस्ट्रॉमपर्यंत स्कॅन कर. अ‍ॅल्युमिनियम कार्बनपेक्षा केवढा मोठा, १ अँगस्ट्रॉमवर सिग्मा अजून तिथंच असतो.

धागाकर्ता:
लई उपकार झाले दोघांचे! रिंग एक्सझेडमध्ये उभी होती, मी येड्यासारखा झेडझेड बघत बसलोवतो. वायवाय घेतलं तर बेंझीन -२९ च्या जवळ आलं. सोडियम घालून ऑप्टिमायझेशन आत्ताच लावलंय. स्कॅनला घोस्ट अ‍ॅटम एकाच इनपुटमध्ये सगळे टाकले तर चालतात का?

प्रतिसाद:
चालतात की. त्यांना ना इलेक्ट्रॉन ना बेसिस (ऑर्बिटल मांडायची गणिती फंक्शन), एकमेकांना त्रास देत नाहीत. एका रनमध्ये उरक, लाइट जायच्या आत.