गाइडमधला आशय कवितेत सापडतच नाही

ऐरोलीची अकरावी:
दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता ठाण्यातल्या कॉलेजात आहे. रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन कवीची ‘द रोड नॉट टेकन’ ही कविता वाचतेय. गाइडमध्ये लिहिलंय, कवीने कमी मळलेली वाट निवडली म्हणून तो यशस्वी झाला. कविता पुन्हा वाचली, पण यश कुठे दिसलंच नाही. माझं इंग्रजी कमी पडतंय का? कथा वाचतानाही असंच होतं.

नेरूळचा वाचक:
मोठ्याने वाच. ओळ संपली म्हणून थांबू नकोस, स्वल्पविराम किंवा पूर्णविराम आला की थांब. निम्मी कविता तिथेच उलगडते.

कळव्याच्या बाई:
अगं, तुझं इंग्रजी कमी पडलेलं नाही, तू नीट वाचलंस. दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यात कवी स्वतःच सांगतो की दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच मळल्या होत्या आणि त्या सकाळी दोन्हींवरची पानं कुणी तुडवलेली नव्हती. ‘कमी मळलेली’ हे तो शेवटच्या कडव्यात म्हणतो, आणि तेही ‘पुढे कधीतरी मी असं सांगेन’ म्हणून! फ्रॉस्टचा मित्र एडवर्ड थॉमस, दोघं इंग्लंडमध्ये फिरायला जायचे. कुठल्याही वाटेने गेलं तरी थॉमसला दुसरी राहिली याची हळहळ. त्यावरूनच ही १९१५ सालची कविता सुचली. मुलांना आधी यशाचा धडा पाठ करायला लावतात, याचं मला फार वाईट वाटतं. कोण बोलतंय, कुठे उभं आहे, कधीचं सांगतंय, एवढं आधी शोध. आशय नंतर.

कथेत पैशांकडे बघ. ओ. हेन्रीच्या ‘द गिफ्ट ऑफ द मेजाय’मध्ये नवऱ्याला, जिमला, नाताळची भेट घ्यायला डेलाकडे १ डॉलर ८७ सेंट आहेत. स्वतःचे केस विकून २० डॉलर मिळतात, त्याच्या घड्याळाची साखळी २१ची. उरले ८७ सेंट. जिमचा आठवड्याचा पगार ३०वरून २०वर आलेला. आता ती साखळी त्यांना केवढ्याला पडली ते मांड.

ऐरोलीची अकरावी:
पूर्ण आठवड्याच्या पगाराहून जास्त! आणि जिमने तर तिच्या भेटीसाठी घड्याळच विकलेलं असतं. बाई, पण परीक्षेत गाइडच्या विरुद्ध लिहिलं तर मार्क जातील ना?

कळव्याच्या बाई:
नुसतं मत लिहू नकोस, कवितेतली ओळ देऊन लिही. आणि तुझ्या सरांना एकदा तिसरं कडवं दाखव. उत्तर लिहिलंस की इथे टाक, मी बघते.