स्कॉट मूर्ख होता, की आपली नजर बदलली?

रानवाट
परवा जेवताना मुलगा म्हणाला, "स्कॉट म्हणजे तो हरलेला ना?" माझा घास अडकला. आमच्या बाई दक्षिण ध्रुवावर गेलेल्या स्कॉटच्या तुकडीतल्या कॅप्टन ओट्सची गोष्ट सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज कापायचा. हिमदंशाने पाय गेलेले, आपल्यापायी बाकीचे रखडतायत हे त्याला कळलेलं. वादळात तंबूबाहेर पडताना एवढंच म्हणाला, "जरा बाहेर जाऊन येतो, थोडा वेळ लागेल." तो परत आलाच नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पोचला. ब्रिटिश स्कॉट आणि त्याचे चौघे पोचले १७ जानेवारी १९१२ ला, आणि परतताना पाचही जण गेले. शेवटचे तिघे ज्या तंबूत सापडले तिथून अन्नाचा मोठा साठा ११ मैलांवर होता. त्यांच्या स्लेजवर तेव्हाही सुमारे १६ किलो दगड होते, बिअर्डमोर हिमनदीपाशी गोळा केलेले.

माझा मुद्दा या दगडांचा. १९१३ साली लंडनच्या सेंट पॉल्समध्ये शोकसभेला खुद्द राजा आला, तेव्हा हे दगड म्हणजे कर्तव्यनिष्ठेची कमाल. १९७९ साली रोलंड हंटफर्डने स्कॉट-अमुंडसेनचं जोडचरित्र लिहिलं, त्यानंतर तेच दगड म्हणजे शुद्ध गाढवपणा. साम्राज्याला न कुरकुरता मरणारी माणसं हवी होती तोवर स्कॉट थोर. आता आपल्याला रिझल्ट हवाय, म्हणून अमुंडसेन.

खडूस
भावना पोचल्या, हिशेब चुकलाय. नुसती नजर नाही बदलली, कागदही बाहेर आले. १९१३ ला छापलेल्या डायरीतून सहकाऱ्यांवरचे बोचरे शेरे गाळले होते.

आणि तो ११ मैलांवरचा साठा. तो ८० अंश दक्षिण अक्षांशावर ठेवायचं ठरलं होतं. सामान ओढणारी तट्टं थकली म्हणून स्कॉटने तो ७९ अंश २९ मिनिटांवरच टाकला, पन्नासहून जास्त किलोमीटर अलीकडे. ओट्स सांगत होता, थकलेली तट्टं मारा पण पुढे चला. स्कॉटने ऐकलं नाही. शेवटचा तंबू सापडला तो साधारण ७९ अंश ४० मिनिटांवर. म्हणजे साठा ठरल्या जागी असता तर तंबूच्या आधीच वाटेत लागला असता! नकाशा काढा आणि स्वतः बघा.

वर तंबू, शिधा सगळं चौघांच्या मापाचं आणि ऐनवेळी पाचवा माणूस घेतला. त्या पाचव्याकडे, बोवर्सकडे, स्कीसुद्धा नव्हत्या. हे १९१२ सालीही चूकच होतं, त्याला आजची नजर लागत नाही.

दगडधोंडे
खडूस, साठ्याबद्दल मान्य. रानवाट, दगडांना मात्र गाढवपणा म्हणू देऊ नका. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानांचे ठसे होते. जिभेसारखं लांबट पान, मधोमध ठसठशीत शीर. हेच झाड आपल्या नागपूर-चंद्रपूरकडच्या कोळशाच्या पट्ट्यातल्या खडकांत सापडतं. अंटार्क्टिका आणि आपण एकेकाळी एकाच भूखंडात होतो याचा हा पुरावा, आणि त्या भूखंडाला गोंडवन हे नाव आपल्याच गोंडांच्या मुलखावरून पडलंय. मी स्वतः असा एक ठसा हातात धरलाय. तो टाकून द्यायला माझाही हात धजावला नसता.

शिवाय हवामानशास्त्रज्ञ सुझन सॉलोमन यांनी २००१ मध्ये जुन्या नोंदी तपासून दाखवलं की १९१२ चा मार्च तिथल्या मानानेही भलताच थंड होता. पारा उणे ४० पर्यंत. त्या थंडीत बर्फ वाळूसारखा होतो, स्लेज घसरतच नाही.

खडूस
अंटार्क्टिकात थंडी पडली. अरेरे.

तिरकी रेघ
तुम्ही दोघं भांडा, पण सध्याचा खरा देव शॅकल्टन आहे, त्याच काळातला दुसरा ब्रिटिश ध्रुवप्रवासी. २००२ च्या बीबीसीच्या थोर ब्रिटिशांच्या यादीत तो ११ वा, स्कॉट ५४ वा. आमच्या ऑफिसात लीडरशिपचं ट्रेनिंग झालं त्यात त्याच्या बुडत्या 'एन्ड्युरन्स' जहाजाची स्लाइड, खाली ठळक अक्षरांत: एकही माणूस गमावला नाही. मी विचारलं, रॉस समुद्राच्या बाजूने याच मोहिमेची दुसरी तुकडी होती, तिच्यातले तिघे मेले ते कोणाच्या खात्यात? शॅकल्टनसाठीच साठे ठेवत होते ते, आणि हा त्या वाटेला आलाच नाही. ट्रेनर म्हणाले, चहा घेऊ या.

आणि 'एन्ड्युरन्स'वरचा तो सुतार मॅकनिश! त्याने छोट्या बोटीच्या कडा उंच करून दिल्या म्हणून शॅकल्टन मदत आणायला साउथ जॉर्जिया बेटावर पोचला आणि ऑगस्ट १९१६ मध्ये एलिफंट बेटावर अडकलेले २२ जण वाचले. पण हा सुतार बर्फावर एकदा उलटून बोलला होता. त्याला ध्रुवपदक मिळालं नाही.

उत्तररात्र
सगळी चर्चा गोऱ्या पुढाऱ्यांचीच चाललीय. उत्तरेकडे बघा की. १८९७ साली अमेरिकन ध्रुवसंशोधक पिअरीने ग्रीनलँडमधली सहा इन्यूट, म्हणजे तिथली मूळ रहिवासी, माणसं न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी आणली. काही महिन्यांत चौघे दगावले. त्यांतल्या मिनिक नावाच्या पोराला बापाचं दफन केल्याचं दाखवलं, हाडं संग्रहालयात ठेवून घेतली. ती ग्रीनलँडला परत गेली १९९३ मध्ये. हे पिअरीच्या काळीही लोकांना कळलं होतं, पण त्याच्या मोठेपणाला ओरखडा उठला नाही. तेव्हा खडूस, नुसते कागद बाहेर येऊन भागत नाही. ते वाचून कोणाला तरी लाज वाटावी लागते.

खडूस
हं. हे घेतो मी.

रानवाट
साठ्याचा मुद्दा मीही घेतला. काल मुलाला नकाशा दाखवला, ११ मैल पट्टीने मोजून. चिरंजीवांचा पहिला प्रश्न: "आणि घोड्यांचं काय झालं?" सांगितलं, एकही वाचला नाही. म्हणून स्कॉट बाद. मग अमुंडसेन ५२ कुत्रे घेऊन निघाला आणि ११ परत आणले, बाकीचे बरेचसे मारून खाल्ले, हे ऐकल्यावर तोही बाद. सध्या आमच्या घरात एकही संशोधक शिल्लक नाही.