मदत हवी आहे: चंद्राचं बटण दाबल्यावर लॅपटॉप हायबरनेट व्हायला हवा, स्लीप नको (लिनक्स मिंट २२)

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. हंगामात पेट्यांचा हिशेब लॅपटॉपवर ठेवतो. मशीन जुनं, रॅम ८ जीबी, मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती. बॅटरी नावापुरतीच उरली आहे.

मे महिन्यात वळीव सुरू झाला की लाइटीचा भरवसा नाही, आणि गडगडायला लागलं की चार्जर काढून ठेवावाच लागतो. मग एफएन धरून चंद्राचं बटण दाबतो. स्क्रीन काळी होते, कडेचा पांढरा दिवा लुकलुकायला लागतो. रात्री गाडी भरून घरी येईपर्यंत तो दिवाही विझलेला असतो. चालू केला की कोरा डेस्कटॉप. कुणाच्या पाच डझनी किती, सहा डझनी किती, सगळं पुन्हा पावत्यांवरून जुळवा! (ऑटोसेव्ह चालू आहे, ते कृपया सुचवू नका. उघड्या खिडक्या जशाच्या तशा परत हव्या आहेत.)

केलेले उपाय: लॉगिनडी-डॉट-कॉन्फ (बटणांची कामं सांभाळणाऱ्या लॉगिनडी या सेवेची सेटिंग) फाइलमध्ये ‘हँडल-सस्पेंड-की’ समोर हायबरनेट लिहिलं, मशीन रीस्टार्ट केलं. फरक शून्य. पॉवर मॅनेजरमध्ये ‘स्लीप बटण दाबल्यावर’ या यादीत हायबरनेट हा पर्यायच दिसत नाही. बटण खराब म्हणावं तर स्लीप व्यवस्थित होतं. काय करावं?

प्रतिसाद १

दादा, तुमच्याकडे दोन वेगळ्या अडचणी आहेत.

पहिली: लॉगिनडीची फाइल का जुमानत नाही. तुम्ही लॉगिन केलंत की एक्सएफसीईचा पॉवर मॅनेजर ‘पॉवर, स्लीप, हायबरनेट ही बटणं मी सांभाळतो’ असं सिस्टिमडीला (लॉगिनडी ज्याचा भाग आहे त्या व्यवस्थेला) सांगून ठेवतो. याला इनहिबिटर लॉक म्हणतात. तो लॉक आहे तोवर लॉगिनडी त्या बटणांकडे बघत नाही. ‘सिस्टिमडी-इनहिबिट’ पुढे ‘लिस्ट’ देऊन चालवा, यादीत पॉवर मॅनेजरचं नाव दिसेल. ‘सस्पेंड-की-इग्नोअर-इनहिबिटेड’ला येस करा असा सल्ला कुठेतरी मिळेल, तो या जातीच्या लॉकला लागू होत नाही, वेळ घालवू नका. फाइल होती तशी करा आणि बटणाचं काम पॉवर मॅनेजरलाच सांगा.

दुसरी आणि खरी: यादीत हायबरनेट का नाही. स्लीपमध्ये सगळं रॅममध्येच राहतं आणि रॅमला सतत वीज लागते, म्हणून तुमची बॅटरी दम तोडते. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवरच्या स्वॅपमध्ये (रॅमच्या मदतीला राखलेल्या जागेत) उतरवतात आणि मशीन पूर्ण बंद होतं. त्यासाठी पुरेसा स्वॅप लागतो. ‘स्वॅपऑन’ पुढे ‘शो’ देऊन काय येतं ते टाका. झेडरॅम असेल तर तो धरू नका, तो रॅममध्येच असतो. बायॉसमध्ये सिक्युअर बूट (सुरू होताना सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू आहे का, तेही सांगा. चालू असेल तर उबंटूच्या घराण्यातलं (मिंट त्यातलंच) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हायबरनेट अडवतं.

प्रतिसाद २

‘ईव्हीटेस्ट’ (दाबलेल्या बटणाचा आकडा दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून चंद्राचं बटण दाबा. १४२ आला तर लिनक्स त्याला ‘की-स्लीप’ समजतं, २०५ आला तर ‘की-सस्पेंड’. गंमत म्हणजे लॉगिनडी यातल्या दुसऱ्याला हायबरनेटचं बटण मानतो. ही नावं कुणी ठेवली देव जाणे. पॉवर मॅनेजरमध्ये स्लीपची ओळ बदलायची की हायबरनेटची, हे त्यावरून ठरेल.

मी मालवणचा. काम झाला की पेटी धाडूक विसरू नकात.

धागाकर्ता

१४२ आला. स्वॅप फाइल २ जीबी. सिक्युअर बूट चालू होतं, बंद केलं. पेटीचं बघू, आधी मुंबईच्या गाडीतून काही उरू दे.

प्रतिसाद १

२ जीबी कमी पडणार. इमेज (रॅमची डिस्कवर उतरवलेली नक्कल) साधारण रॅमच्या दोन पंचमांश इतकी ठेवायचा कर्नलचा प्रयत्न असतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. रॅमएवढी, म्हणजे ८ जीबीची फाइल करा. आधी ‘स्वॅपऑफ’, मग जुनी फाइल काढून नवी, परवानगी ६००, ‘एमकेस्वॅप’, ‘स्वॅपऑन’.

पुढचं सावकाश करा, लोक इथेच फसतात. मशीन सुरू होताना इमेज कुठे आहे हे कर्नलला सांगावं लागतं. ग्रबच्या (मशीन सुरू होताना लिनक्स चढवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) डीफॉल्ट फाइलमध्ये ‘क्वाएट स्प्लॅश’च्या शेजारी दोन गोष्टी जोडा. ‘रिझ्यूम’समोर ज्या पार्टिशनवर स्वॅप फाइल आहे त्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक), फाइलचा स्वतःचा नव्हे. आणि ‘रिझ्यूम-अंडरस्कोर-ऑफसेट’समोर ‘फाइलफ्रॅग’ने व्ही पर्यायासह दाखवलेल्या पहिल्या ओळीतला फिजिकल ऑफसेटचा पहिला आकडा. मग ‘अपडेट-ग्रब’ आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’, दोन्ही. (हे एक्सट४ फाइलसिस्टिमसाठी. बीटीआरएफएस असेल तर ऑफसेट काढायची रीत वेगळी.) पुढे कधी स्वॅप फाइल नव्याने केलीत तर ऑफसेट बदलतो, तेव्हा हा आकडाही बदला.

आता एखादी बिनमहत्त्वाची फाइल उघडी ठेवून ‘सुडो सिस्टिमसीटीएल हायबरनेट’ चालवा (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने).

धागाकर्ता

झालं! दिवा पूर्ण विझला, चालू केल्यावर शीट जिथे होती तिथेच, कर्सरसुद्धा त्याच रकान्यात. पण पॉवर मॅनेजरच्या यादीत हायबरनेट अजून नाही.

प्रतिसाद २

सुडोने होतं आणि यादीत नाही, म्हणजे परवानगी अडली आहे. ईटीसीमधल्या पोलकिट-१ च्या (कुणाला काय करू द्यायचं हे ठरवणाऱ्या सेवेच्या) ‘रूल्स-डॉट-डी’ फोल्डरात एक नियम टाका: ‘ऑर्ग-डॉट-फ्रीडेस्कटॉप-डॉट-लॉगिन१-डॉट-हायबरनेट’ या क्रियेला सुडो गटासाठी येस. लॉगआउट करून परत या, यादीत दिसेल. तिथेच झाकणाचंही ठरवून टाका: बॅटरीवर असताना हायबरनेट, चार्जरवर असताना नुसती स्क्रीन बंद.

धागाकर्ता

यादीत आलं. चंद्र दाबला की आता हायबरनेट होतं. झाकणाचंही तुम्ही म्हणालात तसं केलं. आता एकच शंका, हायबरनेट असताना चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढून ठेवली तर चालेल ना?

प्रतिसाद १

बिनधास्त काढा, सगळं डिस्कवर आहे. फक्त त्या अवस्थेत पेनड्राइव्हवरचं दुसरं लिनक्स चालू करून ती डिस्क उघडू नका, फाइलसिस्टिम बिघडेल.